डूला नक्की करते काय? आणि नवरा सोबत असताना ती हवीच का?

सांजवेळ

आठवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. डॉक्टर चांगल्या आहेत, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं. नवरा लेबर रूममध्ये येणार हेही ठरलंय. गर्भसंस्काराच्या नव्हे, साध्या प्रसूतीपूर्व तयारीच्या वर्गात एक मैत्रीण झालीय, तिने डूला, म्हणजे बाळंतपणात आईला सोबत करणारी बाई, ठरवली आणि आता माझ्यामागे लागलीय की तूही ठरव.

घरी विषय काढला तर नवरा म्हणाला, "मी आहे, डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. ही बाई तिथे उभी राहून काय करणार?" मला उत्तर देता येईना. शोधलं तर निम्मे लेख देवी भेटल्यासारखे लिहिलेले आणि निम्मे टिंगल करणारे.

तर ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा: कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत ती तासातासाला काय करते? याने फरक पडतो असं कुठे सिद्ध झालंय का? आणि मला एपिड्युरल (कळांचं दुखणं थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन) घ्यायचं असेल तर? डूला लोक त्याला नाकं मुरडतात असं ऐकलंय.

खडूस

इतकी वर्षं बायका बाळंत झाल्याच की. आता त्यालाही इव्हेंट मॅनेजर लागायला लागला.

बकुळी

खडूस, झाल्या, पण एकट्या नाही झाल्या. पाठीशी कोणीतरी जाणती बाई बसलेली असायचीच. बाळंतपण दवाखान्यात गेलं तेव्हा माता-बालकांचे जीव वाचले, त्याबद्दल वाद नाही. फक्त ती बाई दाराबाहेर राहिली.

पाऊलवाट

मी बरीच वर्षं डूला म्हणून काम करते, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीच देते. लांब होईल.

काम कळांच्या आधीच सुरू होतं. दोन-तीन भेटी होतात. त्यात मी व्यायाम शिकवण्यापेक्षा प्रश्न जास्त विचारते. दुखतं तेव्हा तुला कोणी हात लावलेला चालतो की नको वाटतो? रक्त बघून घेरी येते का? कशाची भीती आहे, दुखण्याची, टाक्यांची, की सगळ्यांसमोर ओरडण्याची? यातली बरीच उत्तरं नवऱ्यालाही पहिल्यांदाच कळतात.

कळा सुरू झाल्या की पहिले बरेच तास अगदी कंटाळवाणे असतात, आणि ते तसेच जायला हवेत. पहिलटकरणीला सुरुवातीचा टप्पा कित्येक तास, कधी दीड दिवसही चालतो. ती मोबाईलवर कळा मोजत बसते, झोपत नाही, आणि खरा जोर धरायची वेळ येते तेव्हा अंगात त्राण उरत नाही. इथे माझं काम म्हणजे तो मोबाईल काढून घेणं. झोप येत असेल तर झोपवणं, दर दोनेक तासांनी लघवीला पाठवणं (भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याला खाली सरकायला अडचण करते), हलकं खायला आणि पाणी प्यायला लावणं. सगळं ठीक असेल तर पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं, असा साधारण हिशोब सांगतात. तुमच्या डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐकायचं. रक्त जाणं, हिरवट पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, जोरात डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधुक होणं, किंवा सदतीस आठवड्यांच्या आत कळा यातलं काहीही झालं तर हिशोब करत बसायचं नाही. फोन करून तडक जायचं.

पुढे कळा जवळ आल्या की हातांचं काम सुरू. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर सगळं दुखणं कंबरेत उतरतं. अशा वेळी तिला पलंगावर ओणवं करून, कंबरेखाली माकडहाडाच्या वर जे सपाट हाड आहे तिथे तळहाताची टाच रोवायची आणि कळ चढू लागली की अंगाचा भार टाकून दाबायचं. चोळायचं नाही, दाबून धरायचं. कळ उतरली की सैल. बाया म्हणतात, "अजून जोरात." आपल्याला वाटतं आता हाड मोडेल, पण त्यांना तेच हवं असतं. एखादी रात्र असं केलं की दुसऱ्या दिवशी माझी मनगटं कामातून गेलेली असतात. त्याशिवाय गरम शेक, दर अर्ध्या तासाने स्थिती बदलणं, चालवणं, कुशीवर घेणं, शॉवरखाली उभं करणं.

आणि मग तो टप्पा येतो, गर्भाशयाचं तोंड आठ ते दहा सेंटीमीटर उघडण्याचा. मांड्या थरथरतात, उलटी होते, एक कळ उतरते न उतरते तोवर दुसरी. अगदी शांत, शहाणी बाई माझी कॉलर धरून म्हणते, "मला नाही करायचं, मला घरी जायचंय." नवऱ्याचा चेहरा पांढरा पडतो. त्याला वाटतं काहीतरी भयंकर झालं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की आता फार उरलं नाही. मी तेव्हा भाषण देत नाही. तोंडाजवळ तोंड नेऊन एवढंच, "ही एक कळ. हिच्यापुरतं. माझ्याबरोबर श्वास सोड." खालच्या पट्टीत, हळू. तिचा आवाज किंचाळीकडे जायला लागला की मी खोल हुंकार देते, ती आपोआप तो आवाज पकडते. जबडा सैल पडला की खांदे आणि मांड्याही सैलावतात.

बाळ आलं की सगळी खोली बाळाकडे बघते. आईची वार पडायची असते, टाके असतात, अंग थंडीने कापत असतं. तेव्हा तिच्याकडे बघणारं एक माणूस लागतं, ते मी. दोघं ठीक असतील तर बाळ तिच्या उघड्या छातीवर राहील आणि पहिल्या तासात अंगावर लागेल एवढं पाहायचं, मग निघायचं.

काय करत नाही तेही सांगते. आतून तपासणी नाही, ठोके ऐकणं नाही, बीपी नाही, औषध नाही. बाळ मी काढत नाही, ते डॉक्टर किंवा मिडवाईफचं काम.

खडूस

म्हणजे कंबर दाबायची आणि धीर द्यायचा. हे नवऱ्याला जमत नाही?

बापमाणूस

जमतं ना. पण रात्री दोन वाजता, दहा तास जागल्यावर, आपलंच माणूस तळमळताना बघत आणि मागे मशीन टुकटुक करत असताना कुठे दाबायचं ते आठवत नाही हो.

मीसुद्धा सांजवेळच्या नवऱ्यासारखाच होतो. वाटलं होतं ही बाई मला कोपऱ्यात बसवेल. झालं उलटं. तिने माझा हात धरून नेमक्या जागी ठेवला आणि स्वतः बाजूला झाली. मधे मला दरडावून खायला पाठवलं. ठोक्यांच्या पट्टीकडे मी सारखा बघत होतो तर म्हणाली, "ते बघायला सिस्टर आहेत. तुम्ही बायकोकडे बघा." मला तिथे बाप म्हणून बसता आलं, जाणकार असल्याचं सोंग करावं लागलं नाही.

आकडेमोड

पुराव्यांबद्दल. हा विषय माझ्या आवडीचा आहे.

मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांच्या गटाने १९८० मध्ये ग्वाटेमालातला एक अभ्यास छापला. तिथल्या हॉस्पिटलात बायका प्रसूतीच्या वेळी एकट्याच असायच्या. काहींना एक अनोळखी, प्रशिक्षण नसलेली बाई सोबत दिली. गुंतागुंत न झालेल्यांत सोबत असलेल्यांच्या कळा सरासरी ८.७ तास चालल्या, बाकीच्यांच्या १९.३. संख्या फार लहान होती, आणि एवढा फरक पुढच्या मोठ्या अभ्यासांत राहिला नाही, तेव्हा या आकड्याने हुरळून जाऊ नका.

१९९१ चा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा अभ्यास जास्त रंजक आहे. ४१२ बायका दोन गटांत, शिवाय तुलनेसाठी नंतर निवडलेला २०४ जणींचा तिसरा गट. एका गटाला डूला. दुसऱ्या गटात खोलीत एक निरीक्षक फक्त बसून नोंदी घेणार, बोलणार नाही. तिसरा नेहमीसारखा. सिझेरियनचं प्रमाण अनुक्रमे ८, १३ आणि १८ टक्के. नॉर्मल बाळंत झालेल्यांत एपिड्युरल ८, २३ आणि ५५ टक्के. त्या मधल्या गटाकडे नीट बघा. कोपऱ्यात गप्प बसलेल्या बाईनेसुद्धा फरक पडलेला दिसतो.

"नवरा असताना काय गरज" यावरही काम झालंय. २००८ मध्ये केनेल आणि सहकाऱ्यांनी ४२० पहिलटकरणींचा अभ्यास छापला, सगळ्या मध्यमवर्गीय आणि सगळ्यांसोबत नवरा किंवा जोडीदार. डूला असलेल्यांत सिझेरियन १३.४ टक्के, नसलेल्यांत २५.

सगळं एकत्र करून पाहणारा, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१७ चा. २६ चाचण्या, १७ देश, १५ हजारांवर बायका. सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियनची शक्यता सुमारे पावपट कमी, कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांनी कमी, आणि बाळंतपणाबद्दल कडवट आठवण राहण्याचं प्रमाण बरंच कमी. सोबतीचा अपाय कुठे आढळला नाही. मात्र पुराव्याची प्रत त्यांनी स्वतःच कमी ठरवली आहे. एक कारण उघड आहे: आपल्याजवळ कोणी बसलंय की नाही हे बाईपासून लपवून चाचणी करताच येत नाही.

रातराणी

४० मिनिटं ऐकायला कमी वाटतात. दहा सेंटीमीटरला असताना विचारा.

टॉर्चवाली

मी लेबर रूममध्ये सिस्टर आहे. "सिस्टर आहेत की" या वाक्यावर बोलायलाच हवं.

माझ्याकडे एका पाळीत एकापेक्षा जास्त बायका असतात. एकीचे ठोके, दुसरीची सलाईन, तिसरी नुकतीच दाखल, आणि सगळ्यांच्या नोंदी वेळेवर लिहायच्या. एकीच्या उशाशी बसायची कितीही इच्छा असली तरी बेल वाजते आणि उठावं लागतं. आणि पाळी संपली की मी जाते. बाईला सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या तेव्हा तिच्यासमोर नवा चेहरा येतो, तो पुन्हा सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारतो. त्या बिचारीला वाटतं आपल्याला टाकून गेल्या.

आकडेमोड, तुम्ही २००२ चा अभ्यास सोडलात. उत्तर अमेरिकेतली १३ हॉस्पिटलं, ६,९१५ बायका. तिथे सिस्टरनाच प्रशिक्षण देऊन सतत बाईजवळ बसवलं होतं. सिझेरियन १२.५ आणि १२.६ टक्के, म्हणजे शून्य फरक. बायकांना ते आवडलं, पुढच्या वेळीही तसंच हवं म्हणाल्या, पण निकाल हलला नाही.

आकडेमोड

बरोबर, तो यायला हवा होता. कॉक्रेनमध्येही हेच दिसतं. सोबत करणारी व्यक्ती हॉस्पिटलच्या नोकरीतली नसेल आणि बाईच्या गोतावळ्यातलीही नसेल, तेव्हा सिझेरियनमधला फरक जास्त दिसतो.

टॉर्चवाली

त्याचं कारण माझ्या मते असं (हे माझं मत, अभ्यासात नाही). मी त्या खोलीत असते तेव्हा अर्धी तरी हॉस्पिटलची असते. माझं लक्ष घड्याळाकडे, पट्टीकडे, मॅडम राउंडला कधी येतात याकडे असतं. बाईला ते कळतं, कितीही गोड बोला. नातेवाईक खोलीत असतात ते स्वतःच घाबरलेले. डूलाला त्या खोलीत दुसरं कामच नसतं. तिच्या हाताच्या तंत्रांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

अबोली

कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू. माझी डूला आधीच्या भेटींत फार गोड होती. लेबर रूममध्ये माझ्या आणि डॉक्टरांच्या मधे उभी राहिली. डॉक्टर काही सांगायला आल्या की हीच उत्तर देणार, "आम्हाला ते नको आहे." आम्हाला म्हणजे कोणाला? सोळा-सतरा तासांनंतर मी एपिड्युरल मागितलं तर म्हणाली, "आपण काय ठरवलं होतं?" शेवटी नवऱ्याने तिला बाहेर काढलं. मी घेतलं, झोपले, नंतर व्यवस्थित नॉर्मल झालं. पण तिचं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

पाऊलवाट

अबोली, वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. असं होतं, आणि ते होऊ शकतं कारण बहुतेक ठिकाणी डूला म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. १९९२ मध्ये क्लाउस, केनेल, पेनी सिम्किन वगैरेंनी सुरू केलेली डोना ही या कामातली मोठी संघटना. तिच्यासारख्या संस्था प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देतात, पण सक्ती कोणाचीच नाही. तेव्हा पारख आपल्यालाच करावी लागते.

सांजवेळ, एपिड्युरलचं विचारलं होतंस ना. भेटीत सरळ विचार, "मी मधेच एपिड्युरल मागितलं तर तुम्ही काय कराल?" उत्तर द्यायच्या आधी ती सुस्कारा टाकत असेल तर दुसरी बघ. इंजेक्शन घेतल्यावर आमचं काम संपतही नाही. सुई टोचताना पाठ वाकवून, कळ आली तरी न हलता बसायचं असतं. तेव्हा समोरून खांदे धरायला कोणी लागतं. नंतर पाय जड होतात, तिला स्वतः वळता येत नाही. मग दर अर्ध्या-एक तासाने कूस बदलायची, शेंगदाण्याच्या आकाराचा तो मोठा फुगीर चेंडू असतो तो गुडघ्यांमध्ये द्यायचा म्हणजे खालची जागा मोकळी राहते. आणि मुख्य म्हणजे तिला झोपू द्यायचं, खोलीतल्या बाकीच्यांना गप्प करायचं. दुखणं आणि घाबरून तळमळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एपिड्युरलने पहिलं थांबतं. भीतीने दातखीळ बसली असेल तर ती तशीच राहते.

रातपाळी

प्रसूतितज्ज्ञ आहे. मला दोन्ही प्रकारच्या डूला भेटल्यात. अबोलीच्या अनुभवातली भेटली की आमच्या सगळ्या टीमला डूला हा शब्दच नकोसा होतो आणि पुढच्या चांगल्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते.

चांगली कोणती? मी येऊन सांगितलं की "कळांचं इंजेक्शन सुरू करूया", की ती माझ्याशी वाद घालत नाही. ती जोडप्याकडे वळून म्हणते, "काही विचारायचंय का डॉक्टरांना?" मग ते विचारतात: याने काय फायदा, काय धोका, दुसरा मार्ग आहे का, अजून तासभर थांबलं तर चालेल का. बहुतेक वेळा थांबलं तर चालतं. नसेल चालत तर मी कारण सांगते आणि ते पटकन हो म्हणतात. माझा वेळ वाचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत असावी असं स्पष्ट म्हटलंय. त्याच सूचनांत सक्रिय टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरलाय. "तासाला एक सेंटीमीटर" हा जुना नियम अनेकींसाठी अवास्तव आहे, आणि आई-बाळ ठीक असताना फक्त तेवढ्यावरून घाई करू नये असंही आहे. म्हणजे आम्ही थांबायला तयार असायला हवं. पण थांबणं खोलीतल्या सगळ्यांना अवघड जातं. बाई दमलेली, बाहेर आई-सासूबाई "अजून का होत नाही, करून टाका एकदाचं सिझर" म्हणणाऱ्या. तिथे ते तीन-चार तास जो माणूस शांतपणे भरून काढतो तो मला सोन्यासारखा वाटतो.

मर्यादाही सांगते. ठोके उतरले आणि वर येईनात, नाळ बाहेर सरकली, रक्तस्राव सुरू झाला, तर आमच्याकडे मिनिटं असतात. तेव्हा चर्चा नाही. डूलाने भिंतीला लागायचं आणि बाईच्या कानाशी काय चाललंय ते सांगत राहायचं. आणि डूला आहे म्हणून सिझर होणार नाही असं कोणी वचन देत असेल तर तिच्यापासून लांब राहा.

रातराणी

माझं तसंच झालं. अचानक सिझर. ऑपरेशन थिएटरमध्ये एकालाच परवानगी होती. नवरा आत आला. बाळाला श्वासाचा थोडा त्रास म्हणून त्याला बाळासोबत पाठवलं आणि मी टाके घालेपर्यंत एकटी. तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या डूलाला टोपी-गाऊन घालून आत घेतलं. ती फक्त डोक्याशी बसली आणि बाळाचं सांगत राहिली: रडलं, आता ऑक्सिजन काढला, वजन घेतायत. "नॉर्मलसाठी ठेवली होती, पैसे वाया गेले" असं एक-दोघी म्हणाल्या मला नंतर. मी त्यांच्याशी वादही घातला नाही.

बकुळी

आणि जिला परवडत नाही किंवा जवळपास मिळतच नाही तिने? माझ्या बहिणीने विचारलंय मुद्दाम. मीच जाणार आहे तिच्यासोबत.

आकडेमोड

त्यावरही आहे. २००६ मध्ये छापलेला, ६०० बायकांचा अभ्यास. बाईनेच निवडलेली मैत्रीण किंवा नातेवाईक स्त्री, तिला दोन-दोन तासांचे दोनच वर्ग दिले. कळांचा वेळ ११.७ वरून १०.४ तासांवर आला. सिझेरियनमध्ये फरक पडला नाही.

पाऊलवाट

बकुळी, तू जा. चार गोष्टी शिकून जा: कंबर कुठे दाबायची (आधी बहिणीवर करून बघ, तिला बरं वाटेल तीच जागा), ओणवं, कुशीवर आणि टेकून उभं राहायच्या स्थिती, आपला श्वास लांब ठेवणं, आणि गप्प राहणं. शेवटचं सगळ्यात कठीण. कळ चालू असताना तिला प्रश्न विचारायचा नाही, कोणालाही विचारू द्यायचा नाही. तुझे स्वतःचे बाळंतपणाचे किस्से घरी ठेवून जा. रडू आलं तर बाहेर जाऊन रड आणि परत ये. खोलीतून जाणार असशील तर तिला सांगून जा, कधी येणार तेही सांग.

खडूस

आकडे मान्य. इव्हेंट मॅनेजर शब्द मात्र मागे घेत नाही. दोन-चार दिवसांच्या कोर्सवर प्रमाणपत्र मिळत असेल आणि तपासणारं कोणी नसेल तर निम्म्या अबोलीच्या बाईसारख्याच निघणार.

टॉर्चवाली

यावर खडूसना अनुमोदन. म्हणूनच डॉक्टर आणि डूला यांची एकदा तरी आधी गाठ घालून द्या. एकमेकींना सहन करू शकतील की नाही ते दहा मिनिटांत कळतं.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला लावला. बापमाणूस, तुमचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. उद्या एकीला भेटायला जातोय. त्याचा एकच प्रश्न उरलाय: माझ्या कळा सुरू झाल्या त्याच रात्री ती दुसऱ्या कोणाच्या बाळंतपणाला गेलेली असेल तर?

पाऊलवाट

अगदी रास्त प्रश्न. महिन्यात किती जणींचं घेते ते विचारा, आणि तुमच्या तारखेच्या आगेमागे दोन आठवडे आणखी कोण आहे तेही. प्रत्येक धड डूलाची एक बदली ठरलेली असते. तिचं नुसतं नाव घेऊ नका, भेटून घ्या, निदान फोनवर बोला. ती आवडली नाही तर तसं आत्ताच सांगा. पैसे कधी किती द्यायचे, बदली आली तर कोणाला द्यायचे, फार लांबलं तर काय, हे कागदावर असू दे.

आणि भेटायच्या आधी हॉस्पिटलला एक फोन करा की आत किती जणांना सोडतात. एकालाच सोडत असतील तर नवरा की डूला हे लिफ्टपाशी ठरवायची वेळ येते. तेव्हा ती तुमच्यासाठी घरच्या तासांपुरती आणि नंतर फोनवर असेल, त्या हिशोबानेच ठरवा.